दोनशे बारावरून एकशे अठरा

१० जानेवारी

धाकट्या,

या दोन हातांनी आजवर काय काय केलं, ते लिहून काढतो. आगकाडीचंसुद्धा वजन दाखवणारा पितळी तराजू, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. आईची चाकांची खुर्ची. प्रेशर गेज तपासायचं यंत्र, चकत्या एकावर एक ठेवून दाब तोलणारं, ज्यावर तू काम शिकलास. वर्कशॉपचा सरकता दरवाजा, एका बोटाने लोटता येणारा. तुझ्या लेकीचा पाळणा. तुझ्या वहिनीसाठी भिंतीतून बाहेर येणारं इस्त्रीचं टेबल, ज्यावर तिने एकदाही इस्त्री केलेली नाही. आणि गेल्या महिन्यात एक सायकल, जी कुठेही जात नाही.

नऊ वर्षांपूर्वी, तुझ्या शेवटच्या पत्रात तू विचारलं होतंस, “दुसऱ्यांच्या चुका काढण्यापलीकडे तू स्वतः काय केलंस, दादा?” हे त्याचं उत्तर. उशीर झाला, पण अपुरी यादी पाठवायची नव्हती.

लिहायचं कारण वेगळं आहे. ऑक्टोबरात मला हार्ट अटॅक आला. लेथवर पितळेचा गज चढवलेला होता. तो आधी उतरवला, मोटर बंद केली, मग खाली बसलो. तुझी वहिनी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, कौतुकाने नव्हे. आता बरा आहे. घाबरू नकोस, घाबरवायला लिहीत नाहीये. मला एक गोष्ट कळली आहे आणि ती ज्याला सांगावी असा माणूस या घरात नाही.

हृदय नुसता पंप नाही रे. त्याची भिंत ताणली गेली की तिच्यातल्या पेशी स्वतःच एक हार्मोन रक्तात सोडतात. तो मूत्रपिंडाला जाऊन सांगतो, मीठ-पाणी बाहेर काढ. शिरांना सांगतो, सैल व्हा. म्हणजे पंपावर भार आला की पंपच पाइपातला दाब उतरवून घेतो. तीस वर्षं मी लोकांचे सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतोय. माझ्या छातीत एक बसवलेला आहे, हे मला पन्नासाव्या वर्षी कळावं?

हॉस्पिटलात एक डॉक्टर बाई यावरच अभ्यास करतायत. अटॅक येऊन गेलेल्या माणसाने सायकल मारली की हा हार्मोन किती चढतो, आणि काही महिने व्यायाम केल्यावर चढ कमी होतो का. आम्ही बावीस जण आहोत. परवा माझी पहिली चाचणी झाली. हाताच्या शिरेत नळी बसवून पाच वेळा रक्त काढलं: बसल्या जागी, पंचवीस वॅटला, पन्नासला, दम संपला तेव्हा, आणि त्यानंतर दहा मिनिटांनी. प्रत्येक वेळी जांभळ्या टोपणाची बाटली थेट बर्फात. रक्त काढणाऱ्या ताईंना आम्ही पेशंट लोक ‘सुई’ म्हणतो. त्यांना विचारलं, बर्फ कशाला. म्हणाल्या, “काका, हा माल टिकत नाही.” मी पंच्याहत्तर वॅटला थांबलो.

माझी सायकल मी त्यांच्या सायकलीवरूनच केली, ॲडमिट असताना खोलीच्या काचेतून बघून. अठरा किलोचं बिडाचं चाक, त्यावर चामडी पट्टा, पट्ट्याच्या एका टोकाला वजनं आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. दोन्हींतला फरक गुणिले चाकाचा वेग, म्हणजे वॅट. तुला पुढचं सांगायला नको.

दादा

२४ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, ठीक आहे. मी लिहिणार.

पहिला आकडा कळला. बसल्या जागी माझा हार्मोन दोनशे बारा, सायकलीवर तीनशे पाच. बाई म्हणाल्या, भिंत फार ताण सोसतेय. मी विचारलं, काटा तुमचा की भिंत माझी, दोष कशात? हसल्या. मग म्हणाल्या, “काका, तुम्ही प्रत्येक यंत्रावर असाच संशय घेता का?” मी म्हटलं, माणसांवरसुद्धा. हे वाचून तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे.

सोळा तारखेला चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, अकरा-अकराचे. एका गटाने आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात येऊन सायकल मारायची. दुसऱ्याने फक्त औषधं आणि सपाट रस्त्यावर अर्धा तास चालणं, सोळा आठवडे. मग त्यांनाही सायकल मिळणार. दोघांमधला फरक किती, हेच तर बघायचंय.

माझी चिठ्ठी चालण्याची निघाली.

घरात सायकल, आणि चिठ्ठी चालण्याची. आमच्यातलाच, माझ्या शेजारचा शिंपी, ज्याला आयुष्यात शिलाई मशिनच्या पेडलपलीकडे काही हलवायला आवडत नाही, त्याला सायकल. मला म्हणाला, “बदलून घेता का हो?” बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या, बदलली की चिठ्ठी कशाला टाकायची.

दर आठवड्याला एक फॉर्म येतो. ‘ठरलेल्या चालण्याखेरीज कोणताही व्यायाम केलेला नाही.’ खाली सही. मी सही केली. सायकल वर्कशॉपच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवली आहे.

दादा

१२ मार्च

धाकट्या,

प्रकृती झकास. जिना एका दमात चढतो. लेथवर उभं राहून चार तास काम केलं, तुझ्या वहिनीने दर तासाला येऊन तोंड बघून घेतलं. ती म्हणते, “डॉक्टरांनी त्या हृदयाला विश्रांती सांगितलीय, तुम्ही त्याला ओव्हरटाइम देताय.” बायकांना अतिशयोक्तीची सवय.

चालण्यात एक पद्धत बसवली आहे. आधी पाच मिनिटं हळू, मग नाडी एकशे बारापर्यंत नेऊन वीस मिनिटं धरायची, मग पाच मिनिटं उतरवायची. हे आकडे हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत भिंतीवरच्या तक्त्यात आहेत. मुद्दाम पाठ केले नाहीत, डोळ्यांना सवय आहे.

दुकानदाराचे सात काटे आले होते, सगळे एकाच बाजूला चुकत होते. काट्यांत खोट नव्हती, त्यांची टेबलंच कलती होती. मी टेबलं दुरुस्त करून दिली. सायकलीला नवा पट्टा घातला, जुना पार चकाकून गुळगुळीत झाला होता आणि भार धरत नव्हता. आता म्हशीच्या चामड्याचा घातलाय, दुहेरी शिवणीचा. शिवण शिंप्याने घातली.

तुझ्या लेकीचं काय चाललंय?

दादा

३० मार्च

धाकट्या,

कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी एक कार्ड, आणि त्यावर एक ओळ: “दादा, झाकून ठेवलेल्या सायकलीचा पट्टा झिजला कसा?”

उंदीर.

दादा

८ मे

धाकट्या,

आज दुसरी चाचणी झाली आणि मी एकशे पंचवीसपर्यंत गेलो. एकशे पंचवीस! पंच्याहत्तरला त्यांनी वेग वाढवायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आत्ताच तर सुरुवात झालीय. शंभरला सुईताई रिकामी बाटली हातात धरून माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू बंद पडलेलं घड्याळ चालू लागलंय. घाम आला तोही चांगला, गरम, सरळ. ऑक्टोबरातला घाम थंड होता. हा फरक पेशंटलाच कळतो.

बाईंनी कागद दोनदा बघितला. “काका, चालणं तुम्हाला फारच मानवलं.”

मी म्हटलं, “मी नीट चालतो.”

शिंपी नव्वदच्या आसपास थांबला. बाहेर बाकावर बसून मला म्हणाला, “तुम्ही चालून एकशे पंचवीस, मी सोळा आठवडे ढुंगण झिजवून नव्वद. देव आहे का हो?” मी त्याला चहा पाजला. माझा अर्धा चहा मी टाकून दिला, हे तुला लिहून ठेवतो, का ते विचारू नकोस.

रक्ताचे आकडे दोन आठवड्यांनी. माझं लक्ष कशातच लागत नाहीये. भिंतीचा ताण उतरला असेल का? उतरलाच असणार. मला आतून कळतंय.

दादा

२३ मे

धाकट्या,

उंदीर नव्हता.

तुला ते कार्ड लिहितानाच माहीत होतं. आता सगळं क्रमाने लिहितो.

चिठ्ठी निघाली त्याच संध्याकाळी मी पोतं काढलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, आठवड्यातून सहा दिवस. प्रत्येक दिवसाची नोंद आहे: वजन, स्प्रिंगचा काटा, चाकाचे फेरे, नाडी, खोलीचं तापमान. शहाण्णव पानं. आणि त्याच सोळा आठवड्यांत सोळा सह्या, की मी काहीही केलेलं नाही. दोन्ही एकाच पेनाने.

मला वाटलं, यात कुणाचं काय जातं? माझं हृदय, माझी सायकल. आकडा सुधारला तर सगळ्यांना आनंदच.

आज बाईंनी चहाला बोलावलं. त्यांच्या खोलीतला वजनकाटा मी मागे सरळ करून दिला होता, तेव्हापासून त्या मला काही बाही दाखवतात. आज त्यांनी आलेख दाखवला. नावं नाहीत, फक्त ठिपके आणि रेघा. प्रत्येकाची रेघ जानेवारीच्या आकड्यापासून मेच्या आकड्यापर्यंत. सायकल गटाच्या अकरा रेघा बहुतेक खाली येतात. चालणाऱ्यांच्या जवळजवळ आडव्या. आणि त्या आडव्या रेघांमधून एकच रेघ दगडासारखी खाली. सुरू दोनशे बाराला, संपते एकशे अठराला.

धाकट्या, ती माझी होती. मला इतका आनंद झाला की खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला. एकशे अठरा. भिंत सैल झाली. पंप ओरडायचा थांबला. कुठल्याही डॉक्टरने नाही, या हातांनी, अठरा किलोच्या बिडाने.

मग बाई म्हणाल्या, “ही एक रेघ मला झोपू देत नाही. लहान गट आहेत, काका. ही एकटी चालणाऱ्यांची सरासरी इतकी ओढते की दोन गटांत फरकच उरत नाही. मग मला लिहावं लागेल की व्यायामाने काही विशेष होत नाही.”

“मग लोक काय करतील?”

“बसतील,” त्या म्हणाल्या. “आधीच बसायला कारण शोधत असतात.”

मी चहा संपवला. उद्या येतो म्हटलं आणि घरी आलो. सांगितलं नाही. आत्तापर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही, वहिनीला पट्ट्याचा आवाज ठाऊक आहे एवढंच.

आता दुसरी गोष्ट, जी मी नऊ वर्षं दाबून ठेवली.

चाळीस गेजच्या त्या मालात तू सदतीस तपासलेस आणि उरलेल्या तीनचे आकडे अंदाजाने भरलेस, कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी माल परत मागवला. चार कामगारांसमोर तुला म्हटलं की न घेतलेला आकडा लिहिणारा माणूस या छपराखाली नको. तू म्हणालास, “तिन्ही बरोबरच असतील, दादा, हात सांगतो.” आणि गेलास.

तू गेल्यावर मी ते तीन गेज चकत्यांवर चढवून तपासले. तिन्ही बरोबर होते. काट्याच्या जाडीइतकासुद्धा फरक नव्हता.

हे मी तुला कळवलं नाही. मनाशी म्हटलं, बरोबर आले म्हणून खोटे नोंदवलेले खरे होत नाहीत. हे अजूनही मला पटतं. पण मी ते तत्त्वापायी लपवलं नाही. तू बरोबर ठरलास, हे मला सोसलं नाही.

आणि आज मी सोळा सह्यांचा माणूस आहे. तुझे तीन होते.

उद्या वही घेऊन जातो.

दादा

२४ मे

धाकट्या,

गेलो. वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ती रेघ माझी आहे, आणि ती चालून आलेली नाही.

बाईंनी पहिलं पान वाचलं. मग दहावं. मग शेवटचं. वाचता वाचता चेहरा आधी उजळला, मग उतरला. वही मिटून म्हणाल्या, “काका, तुमची वही आमच्या नोंदींपेक्षा चांगली आहे. आणि माझ्या काडीच्याही उपयोगाची नाही.”

मी म्हटलं, “भार पाव किलोपर्यंत अचूक आहे.”

“भार अचूक आहे. माणूस नाही.” या बाईंनी वजनकाट्याचं काम करायला हवं होतं.

मग रागावल्या. मी हे लपवणार नाही, चांगल्याच रागावल्या. म्हणाल्या, अटॅकनंतर तिसऱ्या महिन्यात एकटे, बंद वर्कशॉपात, कोणी बघायला नाही. तिथेच आडवे झाला असतात तर मला तुमच्या बायकोला काय सांगायचं होतं? मी म्हटलं, ती ऐकत होती. “काय ऐकत होती?” पट्ट्याचा आवाज. तो थांबला की ती डबा पुसायच्या निमित्ताने दारात यायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं. शहाण्णव सकाळी. तिने एका शब्दाने विचारलं नाही.

बाईंनी पेला उचलला. पाणी प्यायल्या.

ठरलं ते असं. माझा ठिपका बाद. अभ्यासातून मी बाहेर. छापताना एक ओळ जाईल: एका रुग्णाने नियम मोडल्यामुळे त्याची माहिती वगळली. मी विचारलं, मला काढल्यावर बाकीच्यांचं काय दिसतं? त्यांनी संगणकावर माझी रेघ मिटवली. नुसती एक टिचकी. आणि दोन गट अलग झाले. सायकलवाले खाली, चालणारे आडवे, मध्ये हात शिरेल एवढी फट. बाई पडद्याकडे बघत उभ्याच राहिल्या. मीही उभा राहिलो. माझ्या नसण्याने एवढं स्वच्छ काही दिसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तुला सांगतो, मला नाचावंसं वाटलं. सुईताई दारातून म्हणाल्या, “झालं काय तुम्हा दोघांना?”

जाताना बाई म्हणाल्या, तपासणीला दर महिन्याला यायचं, अभ्यासात नसलात तरी पेशंट आहातच. आणि सायकल मारायची ती इथे, आमच्या डोळ्यांसमोर.

तर माझा पहिला छापील उल्लेख येतोय. ‘एक रुग्ण.’ नाव नाही, शिक्षण नाही. नववी नापास कुठेच लिहावं लागलं नाही.

ते तीन गेज मी विकले नाहीत. तुझ्या जुन्या खणात आहेत.

दादा

१९ जून

धाकट्या,

“रविवारी येतो. चकत्या पुसून ठेव. लेक पण येतेय.” कार्ड वहिनीने आधी वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग फडताळावर उभं करून ठेवलं. चकत्या पुसल्या. वर्कशॉपचा दरवाजा आता दोन बोटांनी लोटावा लागतो, तेवढं समजून घे. ते गेज आपण दोघं मिळून चढवू, तू वाचायचे आणि मी लिहायचे.

सायकल मी हॉस्पिटलला दिली. तिच्यावर आता शिंपी बसतो आणि म्हणतो, तुमच्या या बिडाच्या चाकाने माझ्या मांड्या पिळून काढल्या. दुसरी करायला घेतलीय. पट्टा अजून शिवलेला नाही.

एक गोष्ट तू येण्याआधी माझ्याकडून ऐक, कारण वहिनी ती दारातच सांगणार.

परवा एक गृहस्थ आले होते. व्यायामाची यंत्रं विकतात. शिंप्याने कुठेतरी माझी गोष्ट तिखट-मीठ लावून सांगितली होती. दुसऱ्या सायकलीचा सांगाडा त्यांनी बघितला न बघितल्यासारखा केला. मी चामड्याबद्दल, दुहेरी शिवणीबद्दल, बिडाच्या वजनाबद्दल सांगत होतो. ते मान हलवत होते आणि घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, “साहेब, सायकल आमच्याकडे आहे. आम्हाला तुमचा आकडा द्या. खोक्यावर छापू. दोनशे बारावरून एकशे अठरा, घरच्या घरी. खाली तुमचा फोटो.”

मी म्हटलं, तो आकडा बाद झालाय.

“अहो, खोटा कुठे आहे? लॅबचाच आहे ना? उतरलाच आहे ना?”

धाकट्या, त्यांच्या तोंडून मला तू ऐकू आलास. तिन्ही बरोबरच असतील, दादा. आणि मला तुझा राग आला नाही. आकडा बरोबर आहे. माझी छाती मला रोज सांगते की बरोबर आहे. पण मी औषधांनी उतरलो, सायकलीने उतरलो, की लेथवर परतलो म्हणून उतरलो, ते एका माणसावरून कोणाला कळणार? बाईंना बावीस लागले, एकवीस उरले, आणि त्या अजून शंभर मागतायत. तुम्हाला हवी असेल तर सायकल फुकट न्या, मी त्या गृहस्थांना म्हटलं, मापं लिहून देतो, बिडाची चाकं कुठे ओततात तेही सांगतो. फक्त आकडा नको.

त्यांना सायकल नको होती.

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं मी भाव करतोय. ते गेल्यावर वहिनी म्हणाली, “नाही म्हणायच्या आधी रक्कम तरी पुन्हा एकदा विचारायची होतीत, माझ्या कानांना बरं वाटलं असतं.” म्हणून इथे लिहून ठेवतो, तिला वाचून दाखव. सायकल वगळून, नुसत्या त्या दोन आकड्यांचे, रोख: चार लाख पंच्याहत्तर हजार.

दादा